टपालाचा पत्ता आणि हक्काचा पत्ता

आज आपण पत्त्याबद्दल बोलणार आहोत. आपल्या भागात मिलिटरीत माणूस नाही असं गाव सापडणं अवघड. कुणाचा नवरा फौजेत, कुणाचा दीर, कुणाचा मुलगा, आणि आता काही घरांत मुलगीसुद्धा. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा किंवा योजनेचा फॉर्म भरायला घेतला की या घरातल्या बाया एका रकान्यापाशी थांबतात: ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’. नवरा राजस्थानात, मुलं दोन वर्षं पठाणकोटच्या शाळेत होती, आता गावी आली. सासूबाई गावच्या घरात, घरपट्टीची पावती सासऱ्यांच्या नावावर, गाडी तिसऱ्याच राज्यात नोंदलेली. मग पत्ता कोणता लिहायचा?

हा प्रश्न आपल्या एकट्या घराचा नाही. शंभर-दीडशे वर्षांपासून सरकार आणि सैनिकाचं कुटुंब हाच प्रश्न सोडवत आले आहेत. तो कसा सुटत गेला, आणि त्यात बाईचं नाव कुठे राहिलं, कुठे गळालं, हे आज सांगायचं आहे.

गाव मागे, माणूस समुद्रापार

लढाईवर गेलेल्या सैन्याबरोबर टपाल कचेरी पाठवायची पद्धत आपल्याकडे १८५६ साली सुरू झाली. तेव्हा हिंदुस्थानातून इराणच्या बुशहर बंदरावर फौज गेली होती. तिच्याबरोबर पहिलं ‘फील्ड पोस्ट ऑफिस’ गेलं. फौज हलेल तशी ही टपाल कचेरी हलायची. म्हणजे शिपायाचं टपाल गावाच्या नावाने न जाता पलटणीच्या नावाने जाऊ लागलं.

१८८० साली टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. यानंतर शिपायाच्या घरी दोन गोष्टी पोस्टमनच्या पिशवीतून यायच्या, पत्र आणि पैसे. दोन्हींना पत्ता लागायचा. पत्र चुकलं तर काळजी लागायची, मनिऑर्डर चुकली तर चूल थांबायची.

पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं आणि मराठा पलटणी परदेशी गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचं नाव आपण ऐकलं असेल. त्या युद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. पुढे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. आजही पत्ता लिहिताना लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच लिहितात.

मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथे कुट नावाच्या गावात तुर्की फौजेने त्यांना वेढलं. डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी, धान्य संपल्यावर, तिथल्या इंग्रजी फौजेने शरणागती पत्करली. हजारो हिंदुस्थानी शिपाई कैदेत गेले. वाळवंटातून चालताना आणि कैदेत त्यांच्यातले कितीतरी मेले. आता विचार करा, त्या काळात एखाद्या वाडीतल्या बाईकडे नवऱ्याचा पत्ता म्हणून काय होतं? पलटणीचा नंबर. तीच पलटण शत्रूच्या कैदेत गेली, तर पत्र पाठवायचं कुठे?

बहुतेक बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून वाचून घ्यायचं, उत्तरही त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं. तिकडे फ्रान्समध्येही बरेच शिपाई दुसऱ्याकडूनच पत्र लिहवून घेत. शिवाय सरकारचे तपासनीस ती पत्रं उघडून वाचत आणि त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवून ठेवत. ते उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नवरा-बायकोच्या बोलण्यात इतकी माणसं मध्ये होती.

पैशासाठी एक सोय होती. शिपाई आपल्या पगारातला काही भाग घरी परस्पर मिळावा म्हणून लावून द्यायचा. हा पैसा घरातल्या कुणाच्या नावाने लागायचा, हे शिपाई ठरवायचा. एकत्र कुटुंबात तो बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाने लागला, तर बायकोच्या हातात काय येणार ते घरातल्या माणसांवर अवलंबून राहायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

माणूस नसताना जमिनीचा दावा

शिपाई लांब असला की गावात दुसरी भीती असते. बांध कोरला जातो, कुणी कोर्टात दावा लावतो, समन्स घरी येतं. उत्तर द्यायला माणूस नाही, म्हणून एकतर्फी निकाल लागतो. युद्धात असे प्रसंग आले. म्हणून १९२५ साली ‘इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट’ झाला. लढाईच्या किंवा तशाच खास परिस्थितीत असलेला शिपाई दाव्यात पक्षकार असेल आणि त्याच्या बाजूने उभं राहणारं कुणी नसेल, तर कोर्टाने दावा थांबवावा आणि त्याच्या वरिष्ठांना कळवावं, असा हा कायदा. सैनिकांच्या घरच्या अडचणी पाहण्यासाठी १९१९ साली ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झालं होतं. आज जिल्ह्याच्या ठिकाणी आपण ज्या सैनिक कल्याण कार्यालयात जातो, त्या कामाची मुळं त्या काळात आहेत.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. जो कसेल त्याची जमीन, हे तत्त्व चांगलंच होतं. पण फौजेत असलेला छोटा शेतकरी स्वतः कसायला गावी नसतो, कारण सरकारनेच त्याला सीमेवर ठेवलेलं असतं. म्हणून त्या कायद्यात सैन्यात असलेल्या जमीनमालकांसाठी वेगळं प्रकरण घालावं लागलं.

या सगळ्यातून एक विचार पक्का होत गेला. सैनिक गावात दिसत नाही, म्हणून तो गावचा नाही असं होत नाही. तो नोकरीसाठी बाहेर आहे, घर त्याचं गावातच आहे.

नऊ आकड्याचा विभाग

आता टपालाच्या पत्त्याकडे येऊ. आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाकिटावर ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘मार्फत ९९ ए.पी.ओ.’ असं लिहिलं असेल. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि हे आकडे. गावाचं नाव नाही, राज्याचं नाव नाही. पलटण कुठे आहे हे पाकिटावरून कुणालाही कळू नये, यासाठी ही पद्धत. टपाल आधी सैन्याच्या मोठ्या टपाल केंद्रात जातं, तिथून युनिटला पोहोचतं. म्हणून खाजगी कुरिअरवाला ५६ ए.पी.ओ.चं पार्सल घेत नाही, ते पोस्टातूनच पाठवावं लागतं.

१ मार्च १९७२ रोजी सैन्याची टपाल सेवा स्वतंत्र कोअर झाली. तिचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कामठीला आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. ही पद्धत तयार करणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, आणि संस्कृतचे कवीही. त्यांनी देशाचे नऊ विभाग केले. आठ विभाग जमिनीवरचे. नववा विभाग सैन्याच्या टपालाचा, त्याला नकाशावर जागा नाही. म्हणून फौजेचा पिनकोड ९ ने सुरू होतो आणि आपल्या महाराष्ट्राचा ४ ने.

मैत्रिणींनो, हा ९ चा पत्ता टपालासाठी उत्तम आहे. पण त्या पत्त्यावर घर नसतं, मतदारसंघ नसतो, ग्रामपंचायत नसते. हक्क मागायचा तर ४ ने सुरू होणाराच पिनकोड लागतो.

मताचा पत्ता

हे सगळ्यात स्पष्टपणे दिसलं ते मतदानात. १९५० सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सैनिकासाठी खास तरतूद केली गेली. सैनिक आज कुठेही असला, तरी तो नोकरीत नसता तर जिथे राहिला असता, तिथलाच तो रहिवासी धरायचा. म्हणजे लडाखमध्ये असलेला जवान माण तालुक्यातल्या आपल्या गावचाच मतदार.

बायकोचं काय? कायद्यात लिहिलं होतं की बायको त्याच्याबरोबर राहत असेल, तर तीही त्याच्याच गावची मतदार. ही नोंद नवऱ्याच्या अर्जातून, त्याच्या युनिटमार्फत होते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नवऱ्याबरोबर राहत असेल तरच. नवरा फील्डला आणि आपण गावी असू, तर आपलं नाव गावच्या साध्या मतदार यादीत, आपण स्वतः अर्ज भरूनच यायला हवं. सैनिकाच्या अर्जातून ते आपोआप येत नाही. सज्ञान मुलगा-मुलगी यांचंही तसंच, ते राहतात तिथे त्यांनी स्वतः नाव नोंदवायचं.

त्या काळात बायांचं नाव यादीत येणं किती अवघड होतं याचा दाखला पहिल्याच निवडणुकीत मिळाला. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीच्या याद्या करताना लाखो बायांनी आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, इतकंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं, आणि सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण धडा सगळ्यांसाठी होता: पत्ता असून भागत नाही, स्वतःचं नावही लागतं.

२००३ साली सैनिकांना आणखी एक सोय मिळाली. त्यांना टपालाने मत देता येत होतंच, आता आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या माणसाला प्रतिनिधी नेमून त्याच्याकडून मत देता येऊ लागलं. हा प्रतिनिधी बायकोही असू शकते. अशा मतदानाची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, म्हणजे तिचं स्वतःचं मत वेगळं राहतं. आणि डिसेंबर २०२१ मध्ये कायद्यातला ‘पत्नी’ हा शब्दच बदलून ‘जोडीदार’ असा अर्थ असलेला शब्द घातला गेला. कारण १९९२ पासून बाया सैन्यात अधिकारी होऊ लागल्या, पुढे लष्करी पोलिसांत महिला जवान आल्या, आणि त्यांच्या नवऱ्यांना मात्र या तरतुदीचा फायदा मिळत नव्हता. बायको नवऱ्यामागे जाते एवढंच धरून लिहिलेला कायदा सत्तर वर्षांनी बदलला.

कराचा पत्ता

आता कराकडे वळू, कारण बैठकीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो.

आयकर हा केंद्राचा कर आहे. सैनिक आसामात असो की पुण्यात, आयकर तोच. बदली झाली म्हणून त्यात राज्याप्रमाणे फरक पडत नाही. राज्याचा असतो तो व्यवसाय कर, आणि महाराष्ट्रात सेवेत असलेल्या सैनिकांना तो माफ आहे.

अमेरिकेत तसं नाही. तिथे बरीच राज्यं स्वतःचा वेगळा आयकर घेतात. मग जवानाची बदली झाली की दोन-दोन राज्यं त्याच्याकडे कर मागायची. म्हणून १९४० साली तिथे सैनिकांसाठी कायदा झाला आणि १९४२ साली त्यात स्पष्ट केलं, की हुकमाने दुसऱ्या राज्यात गेलेला सैनिक आपल्या मूळ राज्याचाच रहिवासी राहील, बदलीच्या राज्याने त्याच्या पगारावर कर घेऊ नये. पण त्याची बायको? ती त्याच हुकमामुळे त्याच्याबरोबर गेलेली. तिने तिथे शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी केली की तिच्या पगारावर नवं राज्य कर घ्यायचं. बायकोला, म्हणजे सैनिकाच्या जोडीदाराला, ही सूट मिळायला २००९ साल उजाडलं. सैनिकानंतर ६७ वर्षांनी. म्हणजे पत्त्याचा प्रश्न आला की बाई शेवटी आठवते, हे फक्त आपल्याकडचं नाही.

आपल्याकडे बदलीचा फटका बसायचा तो गाडीला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथे नवीन नोंदणी करावी लागते. म्हणजे जुन्या राज्याचं ना-हरकत पत्र, नव्या राज्याचा रोड टॅक्स, आणि जुना टॅक्स परत मिळवायला हेलपाटे. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या फौजीला हा ताप नेहमीचा. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘बी.एच.’ म्हणजे भारत मालिकेचे नंबर सुरू झाले. सैनिक आणि सरकारी नोकर यांना हा नंबर घेता येतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. टपालाला १९७२ साली जसा राज्याबाहेरचा नववा विभाग मिळाला, तसंच हे.

आणि राहिली आपली घरपट्टी. ती ग्रामपंचायतीची, तिला गावचाच पत्ता. २०२० साली महाराष्ट्र शासनाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने योजना काढून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना घरपट्टी माफ केली. त्याआधी अशी सवलत शौर्यपदक मिळालेल्यांसारख्या मोजक्या लोकांनाच होती. माफी एकाच घराला मिळते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. दाखला घेऊन ग्रामपंचायतीत गेलं की पहिला प्रश्न येतो, घर कुणाच्या नावावर आहे? घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर असेल, वाटणीची नोंद नसेल, तर माफी कागदावरच राहते.

एकाच बाईची दोन नावं

आता मघाचा मुद्दा पुन्हा घेऊ, पैसा कुणाच्या नावाने लागतो हा.

आज पगार बँकेत येतो, मनिऑर्डरची वाट पाहावी लागत नाही. पण नावाचा प्रश्न तसाच आहे. लग्न झालं, मूल झालं की जवानाने युनिटला कळवायचं असतं. त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. ओळखपत्र, दवाखाना, मुलांचा प्रवेश, आणि वेळ आली तर कुटुंब पेन्शन, हे सगळं त्या नोंदीवर चालतं.

आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, पुष्कळदा पहिलं नावही बदलतं. मग शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं नाव, आणि पार्ट टू ऑर्डरला नवऱ्याने घाईत सांगितलेलं घरातलं लाडाचं नाव. जन्मतारीख तिसरीच. नवरा जिवंत आणि नोकरीत असताना हे कुणाला खुपत नाही. तो गेल्यावर मात्र त्याच बाईला सिद्ध करावं लागतं, की ही तिन्ही नावं माझीच आहेत. दुःखात असताना तहसील, नोटरी, बँक आणि रेकॉर्ड ऑफिस अशा फेऱ्या सुरू होतात. माणूस असताना एका रजेत होणारं काम नंतर वर्ष-वर्ष चालतं.

मुलांचंही तसंच. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, मेडिकलच्या प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. पण त्यांत माजी सैनिक, सेवेतला सैनिक, महाराष्ट्राचा अधिवास असलेला, बाहेरून बदलीवर आलेला असे वेगवेगळे प्रकार आहेत. मूल दहा शाळांतून शिकलेलं असतं. वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला आधी काढलेला नसेल, तर प्रवेशाच्या चार दिवसांत तो मिळत नाही.

आपण काय करू शकतो

कुटच्या वेढ्यातल्या बाईला काहीच करता येत नव्हतं. आपल्याला करता येतं. म्हणून आम्ही गटांना सांगतो, पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास या कामाला द्या. ज्यांच्या घरात कुणी फौजेत आहे किंवा होतं, त्यांनी आपले कागद घेऊन या आणि एकीने दुसरीचे कागद वाचून पाहा.

पहिलं, आधार, शाळेचा दाखला, बँक पासबुक आणि फौजेतली नोंद, यांवर आपलं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते पाहा. नसेल, तर नवरा पुढच्या रजेवर येईल तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज द्या. दुसरं, मतदार यादीत आपलं नाव कुठे आहे ते पाहा, दोन ठिकाणी तर नाही ना. तिसरं, ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा काढा. आपल्या राज्यात ‘घर दोघांचे’ ही मोहीम झाली आहे, नवऱ्याच्या नावाबरोबर आपलं नाव लावून घेता येतं. चौथं, पॅनकार्ड, बँक आणि पेन्शन यांना कोणता पत्ता दिला आहे ते लिहून ठेवा. जुन्या क्वार्टरचा पत्ता राहिला असेल, तर नोटीस तिकडेच जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. पाचवं, गावात विधवा ताई किंवा म्हाताऱ्या आजी असतील, तर घरपट्टी माफीसाठी त्यांच्याबरोबर जिल्ह्याला जायला गटातल्या एकीने वेळ काढा.

कागद दीराच्या किंवा सासऱ्यांच्या पेटीत असतील, तर ते मागायला संकोच वाटतो, हे आम्हाला ठाऊक आहे. भांडायचं नाही. एक झेरॉक्स आपल्या जवळ ठेवते, एवढंच म्हणायचं. नवरा रजेवर असताना त्याच्यासमोर विषय काढला, तर बहुतेक घरांत तो मार्गी लागतो. फौजी माणसाला कागदाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

दीडशे वर्षांत सैनिकाच्या पत्त्यासाठी टपाल कचेऱ्या निघाल्या, कायदे झाले, पिनकोडला नववा विभाग मिळाला, गाड्यांना वेगळे नंबर मिळाले. गावातलं घर मात्र या सगळ्या काळात बाईनेच धरून ठेवलं. सडा घातला, पोरं वाढवली, घरपट्टी भरली, बांध राखला. त्या घराच्या कागदावर तिचं नाव असावं, आणि ते बरोबर लिहिलेलं असावं. एवढं काम या वर्षी प्रत्येक गटाने हाती घ्यावं, अशी आमची विनंती आहे.